अक्कलदाढ आणि बंद

दोन व्याह्यांना एका छताखाली महिनाभर ठेवू नये, हे लग्नाआधीच मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

माझे वडील सोफे आणि खुर्च्या मढवतात. आयुष्यभर लोकांच्या बसण्याची सोय केली, पण स्वतः कधी एका जागी गप्प बसले नाहीत. त्यांच्या घरातले पाण्याचे जुने पाइप बदलायला काढले, म्हणून बाबा आमच्याकडे राहायला आले. माझे सासरे, अण्णा, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. कोणत्या गोदामाला आग लागण्याची शक्यता किती, कोणतं जहाज बुडण्याची किती, हे ठरवण्यात त्यांची हयात गेली. बाबा सरकारच्या बाजूचे, अण्णा विरोधकांच्या. आणि मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना विचारते, "आता स्पष्ट दिसतंय, की आधी दिसत होतं?" घरी आल्यावर या दोघांनाही तेच विचारावंसं वाटायचं; पण एकीकडे लेक, दुसरीकडे सून. बोलायची सोय नव्हती.

नवरा कामासाठी परगावी. फोनवर मागचा आरडाओरडा ऐकू आला की तो म्हणायचा, "दोघांनाही माझा नमस्कार सांग," आणि आवाज तुटत असल्याचं नाटक करायचा.

अण्णांचा एक नियम होता. घरात 'नक्की' हा शब्द चालायचा नाही. कोणी काही ठामपणे म्हणालं, की ते पेपरवरून डोळे वर करून विचारायचे, "किती टक्के?" सासूबाई एकदा म्हणाल्या, दूध उतू जाणार.

"किती टक्के?"

"तुम्ही तिथे बसून विचारत राहिलात तर शंभर."

"शंभर टक्के काही नसतं," अण्णा म्हणाले. "मरण सोडून."

तेवढ्यात दूध उतू गेलं.

बाबांनी आधी या टक्क्यांची टर उडवली, मग तेच हत्यार उचललं. "हे सरकार पुन्हा येणार, ब्याण्णव टक्के!"

"ब्याण्णव कुठून काढलेत व्याहीबुवा?"

"नव्वद कमी वाटले. पंचाण्णव म्हटलं असतं तर तुम्ही मला आगाऊ म्हणाला असता."

अशात बंदची घोषणा झाली. सरकारने शहरातल्या बस एका खासगी कंपनीकडे सोपवायचं ठरवलं होतं आणि त्याविरुद्ध विरोधकांनी गुरुवारी सगळं शहर बंद ठेवायची हाक दिली. झालं! आमच्या जेवणाच्या टेबलाची विधानसभा झाली.

"कडकडीत बंद होणार," अण्णा म्हणाले. "काडेपेटी मिळायची नाही. नव्वद टक्के."

"फुसका बार!" बाबांनी टेबलावर मूठ आपटली. "एक दुकान बंद राहायचं नाही. पंचाण्णव टक्के." त्या आपटण्याने सासूबाईंची एक बशी खाली गेली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी हातवारे करताना तिची जोडीदारीण पाडली. त्या दिवसापासून दोघांना स्टीलच्या ताटल्या मिळू लागल्या.

आणि याच आठवड्यात बाबांची अक्कलदाढ दुखायला लागली.

"या वयात?" अण्णा म्हणाले.

"उशिरा का होईना, मला आली तरी," बाबा म्हणाले आणि गाल धरून कण्हले.

दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्याच गिऱ्हाईक. त्यांनी तपासलं, दाढ आडवी उगवली आहे, काढावीच लागेल म्हणाल्या आणि गुरुवार सकाळची वेळ दिली. बुधवारी दुपारी मात्र त्यांच्या दवाखान्यातून फोन आला: उद्या बंद आहे, आज एक जागा रिकामी झाली आहे, आजच येता का? मी दुकानातून घरी फोन लावला.

"नाही," बाबा म्हणाले.

"का पण?"

"उद्याची वेळ दिली आहे ना? उद्याच जाईन. उद्या सगळं उघडं असणार."

"बाबा, गाल केवढा सुजलाय!"

"गालाचा आणि तत्त्वाचा काय संबंध?"

पलीकडून अण्णांचा आवाज आला. फोन त्यांनी ओढून घेतला असावा. "सूनबाई, मी यांना नीट समजावतोय. आज गेलात तर काय तोटा? काही नाही. उद्यावर टाकलंत आणि बंद झाला तर? कदाचित सोमवारपर्यंत ठणका. म्हणजे बंदची शक्यता अगदी पाच टक्के धरली, तरी आजच जाणं शहाणपणाचं. यात राजकारण कुठे आलं? हा साधा हिशेब आहे."

हिशेब बिनचूक होता. तोच घोटाळा झाला. अण्णांच्या तोंडून निघालेला बिनचूक हिशेब बाबांनी आजवर कधी मान्य केला नव्हता.

"ऐकलंस?" बाबा फोनमध्ये ओरडले. "मला आज दवाखान्यात पाठवतात आणि रात्री टेबलावर सांगतील, बघा, व्याहीबुवांनीच बंद यशस्वी केला! मी नाही जायचा!"

संध्याकाळी घरी आले तर बाबांचं तोंड एका बाजूने टम्म फुगलेलं. दात-ओठ खाऊन बसायचं म्हटलं तरी खाता येत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "व्याहीबुवांच्या गालाला काहीतरी उबदार बांधू. त्यांचा मफलर काढ बघू बॅगेतून."

"बॅगेला हात लावू नका!" बाबा एकदम उठले.

पण मी चेन उघडली होती. वर मफलर होता. त्याखाली दुधाची पावडर. त्याखाली टोस्टचे पुडे, मेणबत्त्या, बॅटरीचे सेल आणि काडेपेट्यांचा एक अख्खा गठ्ठा.

अण्णा हळूच खुर्चीतून उठले, बॅगेपाशी आले, एक काडेपेटी उचलून त्यांनी कानाशी हलवून पाहिली.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "पंचाण्णव टक्के उघडं राहणार ना? मग उरलेल्या पाच टक्क्यांसाठी एवढ्या काडेपेट्या?"

"ते... घरी न्यायला घेतलंय," बाबा म्हणाले. "स्वस्त होतं."

अण्णा इतके हसले की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा निर्विवाद विजय झाला होता. ते आणखी काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अण्णांना ऐकायला कमी येतं, म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. एका मुलीचा गोड आवाज सगळ्या खोलीत घुमला.

"नमस्कार सर, उद्या गुरुवार सकाळच्या बसचं आपलं खिडकीजवळचं सीट पक्कं झालं आहे. कृपया वेळेआधी या."

अण्णांनी फोन बंद केला. हसू मात्र तोंडावर तसंच राहिलं होतं, पाहुणे निघून गेल्यावरही अंगणात राहिलेल्या खुर्चीसारखं.

"कुठे निघालात?" सासूबाईंनी विचारलं.

"जुन्या ऑफिसातल्या लोकांचं जेवण आहे नदीपलीकडच्या गावात."

"उद्या तर बस बंद ना? नव्वद टक्के?"

"बस निघाली नाही तर भाडं परत मिळतं," अण्णा म्हणाले. "म्हणजे सीट घेऊन ठेवण्यात नुकसान काहीच नाही. हे अगदी तर्काला धरून आहे."

"मग माझे टोस्टही तर्काला धरून आहेत!" बाबा गरजले. म्हणजे त्यांना गरजायचं होतं. सुजेमुळे ते 'माहे टोह्टही' असं काहीतरी ऐकू आलं.

सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसल्या. चारचौघांत जेमतेम बोलणारी ही बाई. पण बसली की समोरचा उठत नाही.

"हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे," त्या म्हणाल्या. "दाखवायचे बघून झाले. आता खायचे दाखवा. उद्या बंद होणार की नाही? इथे पेपर नाही, पुढारी नाही, जिंकायला काही नाही. खरा आकडा सांगा. अहो, तुम्ही आधी."

अण्णा बराच वेळ छताकडे बघत होते. अशा वेळी ते खरंच हिशेब करतात. "साठ," ते अखेर म्हणाले. "साठ टक्के होईल."

"आणि व्याहीबुवा, तुम्ही?"

बाबांनी मफलर गालावर दाबला. "पन्नास," ते पुटपुटले. "काही सांगता येत नाही, विहीणबाई."

"म्हणजे तुमच्यात फरक किती?"

मीच म्हणाले, "दहा टक्के."

"दहा टक्क्यांसाठी," सासूबाई म्हणाल्या, "माझ्या दोन बशा फुटल्या?"

दोघंही जमिनीकडे बघू लागले, जणू काही तुकडे अजून तिथेच पडले होते. मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. "डॉक्टरीणबाईंना फोन लाव. अजून दवाखाना उघडा असेल."

उघडा होता. बाई म्हणाल्या, लगेच या. बाबांनी एका शब्दाने विरोध केला नाही. ठणका तत्त्वापेक्षा मोठा झाला होता. अण्णाही आपणहून चपला घालून निघाले. "रिक्षात एका बाजूने धरायला कोणीतरी हवं," म्हणाले. धरण्यासारखं काही नव्हतं, पण त्यांनी सबंध रस्ता बाबांचं कोपर सोडलं नाही.

खुर्चीत आडवं झाल्यावर बाबांनी विचारलं, "दुखेल का हो?"

"भूल नीट लागली तर नाही दुखणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"टक्क्यांत सांगा ना," अण्णा दारातून म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "आजोबा, तुम्ही बाहेर बसा."

बाहेर अण्णा बसले नाहीत. येरझाऱ्या घालत राहिले. आतून काहीतरी करकर वाजलं, तसे ते माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "काही होत नाही म्हणा. यात धोका अगदी नगण्य असतो. हजारात एखादा." थोड्या वेळाने पुन्हा आले. "पण तो एखादा कोण, हे आधी कळत नाही ना." आणि पुन्हा चालू लागले. मी त्यांना पाणी दिलं, तर पेला हातात धरूनच ते फिरत राहिले.

दाढ निघाली. बाबा तोंडात कापसाचा बोळा दाबून बाहेर आले. बाईंनी बजावलं, रक्त पूर्ण थांबेपर्यंत बोळा बदलत राहायचा आणि दोन दिवस बोलायचं नाही. "एक अक्षरही नाही," त्या म्हणाल्या. मला क्षणभर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

गुरुवार उजाडला. बंद झाला का? मी अजूनही सांगू शकत नाही. समोरच्या वाण्याने शटर अर्धं खाली ओढलं होतं आणि लोक कमरेत वाकून आत जात होते. अण्णांनी बाल्कनीतून शटरकडे बोट दाखवलं: "बंद!" बाबांनी शटरखाली दिसणाऱ्या पायांकडे बोट दाखवलं. बसही निघाली. अण्णा खिडकीजवळ बसून गेले, आणि ती पुलाच्या तोंडाशी घोषणांच्या गर्दीत जी अडकली ती हलेचना. शेवटी उतरून ते पायी परत आले, घामाघूम, उपाशी. सासूबाईंनी त्यांच्यापुढे काय ठेवलं असेल? बाबांचे टोस्ट.

बाबा समोर बसून अण्णांना टोस्ट खाताना बघत होते. काय काय बोलता आलं असतं! डोळ्यांत सगळं दिसत होतं. पण बोळा होता.

मग सुरू झालं ते मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. अण्णांनी पेपर उघडला, बसच्या करारावर टीका करणारा मजकूर मोठ्याने वाचला आणि सवयीने बाबांकडे बघितलं. उत्तर नाही. पान उलटलं, आणखी टीका वाचली. उत्तर नाही. अण्णा अस्वस्थ झाले. सासूबाईंशी वाद घालून बघितला. त्या भाजी निवडत "असेल" म्हणाल्या. मला विचारलं, मी म्हटलं, मी फक्त डोळे तपासते.

"हे बरं नाही," अण्णा म्हणाले. "दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी." आणि घसा खाकरून ते बाबांच्या बाजूने बोलू लागले. "आता व्याहीबुवा म्हणतील, सरकारी बसला आजवर तोटाच झाला. बरोबर? डेपोत निम्म्या बस नादुरुस्त. खासगी कंपनी आली तर निदान वेळेवर धावतील. शिवाय..." ते रंगात आले. "शिवाय नोकऱ्या जाणार नाहीत, असं करारात स्पष्ट लिहिलंय."

बाबा आधी मान डोलवत होते. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते हाताने नको नको करू लागले. अण्णांना वाटलं, दाद मिळतेय; ते आणखी जोरात सुटले. "आणि भाडं? भाडं वाढणारच नाही मुळी!"

तेव्हा बाबांनी तोंडातला बोळा काढला.

"भाडं वाढणार!" ते ओरडले. "वाढायलाच पाहिजे! मी कधी म्हणालो, वाढणार नाही म्हणून? माझी बाजू मांडायची तर नीट मांडा, नाहीतर तुमच्या तुमच्या बाजूने बोला!"

हनुवटीवर रक्ताचा ओघळ आला. सासूबाई कापूस आणायला उठल्या. अण्णा घाईघाईने बाबांच्या शेजारी सरकले आणि एका हाताने त्यांचं डोकं मागे टेकवत म्हणाले, "बरं, बरं. किती वाढणार म्हणता? फक्त बोटांनी दाखवा."