स्टीलचा चमचा

शिलाई मशिनी दुरुस्त करणारी धाकटी बहीण दुकानातून आली आणि मागच्या खोलीच्या दारातच थबकली. सकाळी ती जुन्या मशिनच्या चार गंजक्या स्क्रूंवर निकेलचा मुलामा चढवायची तयारी करून, वीज बंद ठेवून गेली होती. आता वीज चालू होती. बरणीतलं मुलाम्याचं हिरवं पाणी पिवळट पडलं होतं आणि निकेलच्या पट्टीच्या जागी चक्क जेवायचा चमचा लटकत होता.

तिने बटण बंद केलं, खिडकी सताड उघडली आणि मग आवाज चढवला.

"दादा! हा उद्योग कोणाचा?"

निवृत्त झाल्यापासून सगळीकडे नाक खुपसणारा दादा हातात पेपर घेऊनच आला. "तुझी पट्टी तुटली होती. म्हटलं, काम अडायला नको."

"वीज सोडली की स्टीलमधलं क्रोमियम पाण्यात उतरतं. विष आहे ते! भिंतीवर एवढं मोठं लिहून ठेवलंय मी."

"त्याच चमच्याने रोज जेवतो आपण. उगाच राईचा पर्वत करू नकोस. आण, मोरीत ओतून टाकतो."

"हात लावशील तर याद राख!"

रागाच्या भरात ओतलं तर सांडणार, म्हणून ती आधी स्टुलावर बसून राहिली. राग निवळल्यावर हातमोजे, चष्मा चढवून तिने सगळं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरलं आणि वर ठळक अक्षरांत 'विष! निकेलच्या पाण्यात स्टील लावलं होतं' अशी चिठ्ठी चिकटवली.

दुसऱ्या दिवशी घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर तिने तो कॅन दादालाच उचलायला लावला. तिथला कारकून चिठ्ठी वाचून गंभीर झाला. "स्टील लावलं होतं? फार वाईट. मोरीत ओतलं नाहीत, हे नशीब."

परतताना दादा म्हणाला, "भलतंच विषारी असतं गं ते. आपल्याला कल्पनाच नव्हती."

"आपल्याला?" ती रस्त्यातच उभी राहिली. "मग काल मी काय अंगाई गात होते?"

"तसं नाही गं. त्याचं कामच आहे ना ते, त्याला माहीत असणार."

पंधरा वर्षं ती मशिनी खोलत, जोडत होती. वाटेत तिने आतून-बाहेरून लागणारं एक कुलूप घेतलं आणि घरी येताच स्वतः स्क्रू पिळून ते मागच्या खोलीच्या दाराला बसवलं.

रविवारी दार आतून बंद करून, निकेलची नवी पट्टी लावून ती कामाला बसली. दारावर टकटक झाली.

"मी नुसता बघतो. कशाला हात लावणार नाही."

"झालं की दाखवीन," ती आतून म्हणाली आणि उठली नाही.