दीड इंच

चौसाळ्याला हायवेच्या कडेला ट्रकच्या बॉड्या बांधायचं एक शेड आहे. धोंडीराम मिस्तरीनं तिथं एकतीस वर्षं काम केलं. कंपनीतून नुसती चेसिस यायची, म्हणजे इंजिन, चाकं आणि लोखंडी सांगाडा. ड्रायव्हर तोंडाला फडकं बांधून ती उघडीच चालवत आणायचा. महिन्याभरात मिस्तरी तिला केबिन, मागं मालासाठी डाला आणि त्याच्या भोवतीनं फळ्यांचे फाळके लावून गाडी करून द्यायचा. त्यातलीच एक दहा टायरची गाडी त्याचा मुलगा बजरंग चालवायचा. गाडी शिवशंकर मालकांची. तीन वर्षांमागं मांजरसुंब्याच्या घाटात, सरकीची पोती भरलेली असताना, ती वळणावर उलटली आणि बजरंग केबिनखाली सापडला. बत्तीस वर्षांचा होता.

ड्रायव्हरला डुलकी लागली, असं मालकांनी सांगितलं. पोलिसांच्या कागदावरही तेच आलं. आणि घरात छबुबाईनं, म्हणजे बजरंगच्या आईनं, त्या डुलकीला कारण शोधलं.

"रातभर भांडत व्हती ही," ती येईल त्याला सुनेकडे बोट दाखवून सांगायची. "लेकराच्या डोळ्याला डोळा लागू दिला न्हाई. तसाच उपाशी गाडीवर गेला."

सून मनिषा यावर काही बोलायची नाही. भांडण झालं होतं हे खरं होतं. बजरंग न जेवता गेला हेही खरं होतं. ती पुढच्या खोलीत शिलाई मशीन घेऊन बसायची, गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची आणि चौथीतल्या राजनंदिनीचा अभ्यास घ्यायची. सासूनं वाढलेलं ताट सासूसमोर बसून खायचं तिनं सोडून दिलं होतं.

धोंडीरामनं शेड सोडलं. दोन वर्षं तो ओट्यावर नुसता बसून असायचा. मग एकदा फोनवर त्याला एक व्हिडिओ दिसला. कुठल्या तरी परक्या देशातला एक म्हातारा रिमोटनं छोटा ट्रक चालवत होता. खेळण्यातला नव्हे, हुबेहूब. टायरला चिखल, डिझेलच्या टाकीवर ओघळ, केबिनचा रंग उन्हानं विटलेला. धोंडीरामनं तो चार वेळा पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी माळ्यावरून आपली मोजमापाची वही काढली. एकतीस वर्षांत बांधलेल्या प्रत्येक बॉडीची मापं तिच्यात होती. बजरंगच्या गाडीचीही.

फुटाला एक इंच, असा हिशोब त्यानं धरला. तीस फुटांची गाडी तीस इंचांची झाली. चेसिसला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापली. जुन्या मोजटेपाची पोलादी पट्टी तुकडे करून एकावर एक रचली, तिचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, केल्या. ते खऱ्या पाट्यांसारखेच दबायचे. केबिन फोमशीटची, वर लांबीची पुट्टी लावून पॉलिश पेपरनं घासलेली. मडगार्डची लोंबती रबरं सायकलच्या ट्यूबमधून निघाली. टायर मात्र त्याला करता येईनात, ते पुण्याहून मागवले. मोटार, बॅटरी, रिमोट आणि पुढची चाकं वळवणारी छोटी सर्वो मोटारही कुरियरनं आली. पहिल्यांदा जोडलं तेव्हा रिमोट डावीकडं दाबला की चाकं उजवीकडं जायची. चार दिवस त्यात गेले.

जवळपास वर्ष लागलं. छबुबाई म्हणायची, "म्हातारपणी येड लागलं." पण पोराची गाडी परत आकाराला येतेय हे बघून ती जाता-येता डोळे पुसायची. मनिषा तिकडं बघायचीच नाही. ज्या गाडीनं नवरा नेला ती सासरा हौसेनं बनवतोय, हे तिला बघवायचं नाही.

एक दिवस ती चहा द्यायला आली. धोंडीराम ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावरचा रंग बारीक पेपरनं घासून काढत होता.

"नवा रंग कावून खरडता, मामा?"

"हितं त्याचा कोपर असायचा. काचंवर कोपर टाकूनच चालवायचा ना. तेवढ्याच जागंवरचा रंग गेला व्हता."

मनिषा कप हातात धरून तिथंच उभी राहिली. मग खाली बसली. त्या दिवसापासून ती रोज थोडा वेळ येऊन बसू लागली. मागच्या फाळक्यावर बजरंगनं स्वतः लिहून घेतलेली ओळ तिनंच सांगितली, 'घाई हाय त्यानं वरून जावं'. धोंडीराम विसरला होता. ती लिहिताना दोघंही हसले, आणि बजरंग गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं होतं.

रंगकाम संपत आलं तेव्हा मनिषा मान तिरकी करून बघत म्हणाली, "मामा, फाळके एवढे बुटके नव्हते."

"वहीत हायेत तेवढेच केलेत."

"न्हाई हो." तिनं फोन काढला. बजरंग गाडीशेजारी हात वर करून उभा होता, आणि फाळक्याची वरची कड त्याच्या बोटांच्याही बरीच वर होती. "हे बघा. वरची फळी येगळीच दिसतीय, निळा रंग बी जरा फिका हाय."

धोंडीरामनं फोटो बघितला. बराच वेळ बघितला. "हां," एवढंच म्हणाला.

तीन दिवस त्यानं कामाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी दीड इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि चारी बाजूंनी फाळक्यांवर चढवल्या. जोड दिसेल असा ठेवला, कारण तो खऱ्या गाडीवरही दिसायचा. वरचा निळा थोडा फिका दिला.

मनिषा खुशीत होती. तिनं उरलेल्या तागाच्या कापडातून बोटाएवढी पोती शिवली, बारीक वाळू भरून तोंडं टाचली. दोनशेच्या वर असतील. रविवारी सकाळी राजनंदिनी शेजारी खेळायला गेली होती आणि छबुबाई मारुतीला. धोंडीरामनं गाडी घरासमोरच्या फरशीवर ठेवली. मनिषानं पोती एकावर एक लावून डाला वरच्या कडेपर्यंत भरला.

"मी चालवू?"

त्यानं रिमोट तिच्या हातात दिला.

गाडी सरळ छान गेली. पाटे दबले होते, डाला खऱ्यासारखा हलत होता. फरशीच्या टोकाला उतार होता, तिथं तिनं वळवली. गाडी एका अंगाला कलली, आतली चाकं उचलली आणि ती आडवी झाली. पोती फरशीभर पांगली.

"माझ्याच्यानं जास्त वळलं," ती म्हणाली. परत भरली. हळू चालवली. परत आडवी.

तिसऱ्यांदा तिनं वरचे दोन थर काढून ठेवले, जोडाच्या फळीपर्यंतच पोती ठेवली. गाडी तोच उतार, तेच वळण घेऊन निवांत परत आली. मनिषानं रिमोट खाली ठेवला. तिच्या कपाळाला आठी पडली होती. तिनं जोडावरून बोट फिरवलं.

"मामा, हे वरचं कवा वाढवलं व्हतं?"

"आरटीओचं पासिंग झाल्यावर."

"म्हंजे कागदावर बुटके फाळके, आन् नंतर वाढवले. जास्त माल बसावा म्हनून."

"मालक म्हनले, दीड फूट चढव."

"कुनी चढवलं?"

धोंडीराम पोती गोळा करत होता. एक एक उचलून डब्यात टाकत होता.

"मामा, कुनी चढवलं?"

"मी."

मनिषा अगदी हळू आवाजात बोलायला लागली, आणि ते ऐकणं धोंडीरामला ओरडण्यापेक्षा अवघड गेलं.

"तुमाला आमी कशावरनं भांडलो माहीत हाय का? तीन वरसांत कुनी इचारलं न्हाई मला. तो म्हनला, गाडी वळनात झुलतीय, भ्याव वाटतंय. मी म्हनलं, सोड मग, दुसरी गाडी बघ, न्हाईतर मालकाला सांग. त्यावरनंच भांडन. मी रातभर तेच बोलत व्हते. आन् तो काय म्हनला सांगू? म्हनला, दादांच्या हातची बॉडी हाय, दादा चुकीचं करायचे न्हाईत."

धोंडीरामच्या हातातलं पोतं खाली पडलं.

"तुमाला बी बोलला व्हता का तो? झुलती म्हनून?"

"बोलला व्हता."

"मंग तुमी काय म्हनलात?"

"हळू चालव म्हनलो."

छबुबाई परत आली तेव्हा दोघं तसेच बसले होते. मनिषा उठून म्हणाली, "सांगा आत्याबाईंना. माझ्यासमोर सांगा."

त्यानं सांगितलं. फळी, दीड फूट, मालकांचा शब्द, बजरंगनं बोलून दाखवलेलं, सगळं. अपघातानंतर पोलिसांनी त्याला बॉडीबद्दल विचारलं होतं. बॉडी कागदाप्रमाणं आहे, असं सांगून त्यानं सही केली होती. तेही सांगितलं. छबुबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. हातातला प्रसादाचा नारळ तिनं खाली ठेवला नाही.

"झालं का सांगून?" ती म्हणाली.

"झालं."

"मंग आता काय करू मी? तीन वरसं हिच्यावर राग धरून काढली. आता तुमच्यावर धरू? ह्या वयात? तुमच्यासंगं मला मरायचंय, हिच्यासंगं न्हाई." ती आत जाता जाता थांबली. "भांडली व्हतीच की ती. ते काय खोटं हाय?"

मनिषानं त्याच दुपारी राजनंदिनीचं दप्तर आणि कपडे भरले. शिलाई मशीन न्यायला पालीहून तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला. धोंडीराम टेम्पोजवळ गेला, मशीनला हात लावायला लागला, तर ती म्हणाली, "राहू द्या मामा. आमी उचलतो." नात मागं बसून हात हलवत होती. तिला वाटत होतं, सुट्टीला चाललोय.

दुसऱ्या दिवशी धोंडीराम मालकांकडं गेला. शिवशंकर मालक अंगणात खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी त्याला मान देऊन समोर बसवलं, पाणी मागवलं. त्यानं सगळं ऐकवलं आणि म्हणाला, "ड्रायव्हरची चूक नव्हती एवढं चार मानसांत बोला. सुनेच्या माथी आलंय ते."

"मिस्तरी, सही कुनाची हाय?" मालक शांतपणे म्हणाले. "मी सांगितलं आसंन. मी शंभर गोष्टी सांगतो. तुमी एवढे जुने मिस्तरी, तुमाला कळाय पायजे व्हतं ना, न्हाई म्हनायला पायजे व्हतं. मी ऐकलं असतं." मग जरा पुढं वाकून म्हणाले, "ती रिमोटची गाडी लई भारी केलीय म्हनं तुमी. आमच्या गणपतीत ठेवू की देखाव्याला. तुमचं नाव लावू."

धोंडीराम उठून आला. पाणी तसंच राहिलं.

ठाण्यातही गेला. तिथल्या जमादारानं रजिस्टर काढून दाखवलं. बजरंगवरच गुन्हा होता, आणि आरोपी मयत म्हणून प्रकरण केव्हाच बंद झालं होतं. "आता काय उपेग, काका?" तो म्हणाला. तरी धोंडीरामनं आपला जबाब एका कागदावर लिहिला, त्याची झेरॉक्स काढली आणि ती घेऊन पालीला गेला.

मनिषा भावाच्या घराच्या पडवीत मशीन चालवत होती. तिनं उठून सासऱ्याच्या पाया पडून पाणी दिलं, चहा केला. त्यानं कागद पुढं केला. तिनं पूर्ण वाचला.

"हे मला तीन वरसं आधी पायजे व्हतं," ती म्हणाली. "मी रोज झोपताना इचार करायचे, गप बसले असते तर वाचला असता. रोज, मामा. तुमी भिंतीपलीकडं झोपायचे."

"माफ कर म्हनायला तोंड न्हाई मला."

"म्हनू नका मग." तिनं कागदाची घडी घालून मशीनच्या खणात ठेवली. "हा पोरगीसाठी ठेवते. मोठी झाल्यावर वाचंल. तुमी तिला भेटायला येत जा, तिचे आजोबा हायेत तुमी. पर माझ्याशी बोलायला नका येऊ."

तो महिन्यातून एकदा पालीला जातो. मनिषा चहा देते आणि आत निघून जाते. छबुबाई विचारते, पोरगी कशी आहे. मनिषाचं नाव घेत नाही, आणि नवऱ्याशी जेवणाखाण्यापलीकडं बोलत नाही.

गाडी पुढच्या खोलीत आहे, जिथं मशीन असायची तिथं. लांबून लांबून लोक बघायला येतात. कुणी ड्रायव्हर असतात, कुणी शेडमधले जुने साथीदार. धोंडीराम प्रत्येकाला ती जोडाची फळी दाखवतो. ही मी चढवली, म्हणतो, माझं पोरगं झोपलं नव्हतं, गाडी ह्या फळीनं पडली. डाला भरून, वळवून, पाडूनही दाखवतो.

परवा धारूरकडचा एक ड्रायव्हर आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, उकिडवा बसून गाडीखाली वाकून बघितलं.

"लई जिवंत काम हाय, मिस्तरी," तो म्हणाला. "एका चार्जिंगवर किती चालती?"

"वीस मिनिटं," धोंडीराम म्हणाला.