दिवेलागणीच्या आत

"शेठ, इथं बोट दाबा. झालं. उद्यापासून पैसं आपुआप जमा व्हतेल," असं म्हणून पंडितनं कापडवाल्याचा मोबाइल परत दिला आणि स्वतःच्या पायावर आणखी एक धोंडा पाडून घेतला.

पाटोद्याच्या बाजारात तो एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करी. दुकानदारांनी रोज थोडे पैसे बाजूला टाकायचे आणि पंडितनं ते न्यायचे. पण दिवेलागणीनंतर कुणी पैसा देत नसे. लक्ष्मी घरात यायच्या वेळी तिला बाहेर कोण काढणार? त्यामुळे पंडितची सगळी उमर मावळत्या उन्हाशी शर्यत लावण्यात गेली.

आता संस्थेनं ॲप काढलं होतं. ते प्रत्येकाला घालून द्यायचं आणि मग घरी बसायचं, असा साहेबांचा हुकूम होता. मोबाइलला कसली आलीय दिवेलागण!

शेवटी राहिल्या बांगड्यांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या केशरबाई. त्यांच्या साध्या फोनवर ॲप चालेना. असली खाती बंद करायची होती. पंडितनं त्यांची जमा रक्कम पुढ्यात ठेवली आणि उद्यापासून आपण येणार नाही, हे कसंबसं सांगितलं.

केशरबाईंनी पैशांकडे पाहिलंसुद्धा नाही. "संस्थेचं ऱ्हाऊ दे. तूच ठीव माझं. म्या कवा पावती मागितली का तुला?"

पंडितनं पैसे आणखी पुढे सरकवले. ज्या मुलखात पतसंस्था बुडवून लोक रातोरात पळाले होते, तिथं ही बाई असं बोलत होती.

"न्हाई मावशी. पावतीबिगर घेतलं तर माझ्यात अन् त्या पळालेल्यांत काय फरक?"

"तू कुठं पळणार हायस?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर पंडितला घरात बसवेना. पाय आपसूक बाजाराकडे वळले. कापडवाल्यानं त्याला पाहताच सवयीनं गल्ल्याकडे हात नेला, मग ओशाळून मागं घेतला. पंडित न थांबता पुढे गेला.

एकेक करत सगळ्या दुकानांत दिवे लागले. केशरबाईंचं तेवढं अंधारात होतं. मुठीत नोट धरून त्या रस्त्याकडे बघत होत्या.

पंडित कोपऱ्यावरच थबकला. समोर गेलं तर नाही म्हणायचं बळ आता त्याच्यात नव्हतं.

"मावशे, दिवा लाव की," शेजारच्या दुकानदारानं हटकलं.

"लावते," केशरबाई म्हणाल्या आणि तशाच बसून राहिल्या.