वरच्या सुराची ओळ

बहिणीला जुळं झालं, त्याच वर्षी दोघा भावांच्या बँडची रेकॉर्ड निघाली आणि गाजली. थोरला गायचा, धाकटा गिटार वाजवायचा. रुपेरी पँट, उंच टाचांचे बूट, डोळ्यांभोवती चमकी. थोरला आरशासमोरून हलत नसे. बहीण म्हणायची, "दादा, आवर की! तुझ्यापुढे आम्ही बायका म्हणजे पुसलेल्या पाट्या."

रेकॉर्डिंगच्या शेवटच्या दिवशी थोरल्याचा घसा बसला होता. एका ओळीतला वरचा सूर काही केल्या लागेना, तेव्हा तो वैतागून घरी गेला. रेकॉर्डिस्ट धाकट्याला म्हणाला, "तुमचे आवाज सारखेच. तेवढी ओळ तू गाऊन टाक." धाकट्यानं गायली. दादाला उद्या सांगू म्हणाला.

पण तयार रेकॉर्ड ऐकून थोरल्यानंच त्याच्या पाठीत धपाटा घातला. "ऐकलंस? मला वाटलं लागलाच नाही, आणि घसा बसलेला असताना लावलाय! आहे कुणाची छाती?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. धाकट्यानं सांगणं पुढं ढकललं ते ढकललंच.

लोकांनी नेमकी तीच ओळ डोक्यावर घेतली. प्रत्येक कार्यक्रमात थोरला तिच्यामागे जीव तोडून धावायचा आणि तोंडघशी पडायचा. शेवटी थुंकीतून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, "वरच्या सुरातलं गाणं सोडलंत तर औषधावर भागेल. नाहीतर ऑपरेशन, आणि त्यात धोका आहे."

"ऑपरेशन करा," थोरला म्हणाला. "एकदा लागलेला सूर जातो कुठे?"

आता मात्र धाकट्यानं सांगायचं ठरवलं. कार्यक्रमाआधी कपडे बदलायच्या खोलीत त्यानं दार लावून घेतलं. "दादा, ती ओळ माझी आहे. तू घरी गेल्यावर मी गायलो."

थोरला बसक्या आवाजात हसला. "समजूत घालतोस होय? बरं, म्हणून दाखव."

धाकट्यानं सुरुवात केली. सूर चढू लागला तसा थोरल्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, हातातला चमकीचा डबा खाली आला. ते धाकट्याला बघवेना. त्यानं मुद्दाम आवाज फाटू दिला.

थोरल्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. "पाहिलंस? येरागबाळ्याचं काम नाही ते. चल, गिटार उचल."

धाकट्यानं गिटार उचलली.

थोरला त्याच वर्षी नोव्हेंबरात, एका मंगळवारी सकाळी, ऑपरेशनच्या टेबलावरच दगावला.