पॅसेजमधली फळी

त्या संध्याकाळी घरात शिरल्यावर मी आधी फरशी बघितली, मग बायको.

हॉलपासून मागच्या खोलीपर्यंतचा पॅसेज दुपारी बारापर्यंत बसवून झाला होता. दहा फूट, चकचकीत, दुधी रंगाचा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यावर पाय ठेवायचा नव्हता. मी हॉलमध्येच उभा राहून दिवा लावला. पलीकडच्या टोकाला, मागच्या खोलीच्या उंबऱ्याला लागून असलेली फरशी एका कोपऱ्यात दबलेली दिसली.

"टाकलासच ना शेवटी पाय!" मी ओरडलो. "एक दिवस गप बस म्हटलं होतं, तेवढंही जमलं नाही?"

उत्तर आलं नाही. रागावली की ती उत्तर देत नसे, म्हणून मी आणखी बोललो. तिची घाई, तिचा वेंधळेपणा, तिच्या माहेरचे लोक, सगळं काढलं. पाच मिनिटं तरी बोललो असेन. मग दाराच्या आत जमिनीवर तिची पावलं दिसली. बोटं वर होती.

तरीही मी फरशीवरून धावलो नाही. अंगणात गेलो, भिंतीला टेकवून ठेवलेली लांब फळी आणली, पॅसेजमध्ये टाकली आणि तिच्यावरून चालत बायकोकडे गेलो.

ती गार पडली होती. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. तासाभरात हलवलं असतं तर, एवढं म्हणून ते थांबले.

फरशी मीच पसंत केली होती. दुकानात तिनं चप्पल काढली आणि खरखरीत नमुन्यावर अनवाणी उभी राहिली. दुकानदाराच्या माणसासमोर मला लाज वाटली.

"पायांनी काय बघतेस? डोळे घरी ठेवून आलीस का?"

"चालायचं कशानं आहे, डोळ्यांनी?" ती म्हणाली. "ही घेऊ या. ओली झाली तरी घसरणार नाही."

"ही संडासात लावतात," मी म्हणालो. दुकानातला माणूस हसला, मलाही बरं वाटलं. मी चकचकीत घेतली.

मिस्त्री मात्र आम्ही दोघांनी मिळून ठरवला. दोन फरश्यांमध्ये एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, उंचसखल राहिलं तरी तो उचलून परत बसवायचा. आमच्या भागात त्याला सूतमिस्त्रीच म्हणत. शेजारच्या तीन घरांत त्यानं बसवलेली फरशी मी नाण्यानं ठोकून बघितली, एकही पोकळ वाजली नाही.

आधी स्वयंपाकघर झालं. त्या रात्री ती गोळी घ्यायला नुकत्याच बसवलेल्या फरशीवरून गेली आणि दोन फरश्या दबल्या. सकाळी मिस्त्रीसमोर मी तिला नको नको ते बोललो. मिस्त्रीनं मान वर केली नाही. दोन्ही फरश्या उचलल्या, खालचा सिमेंटचा माल सारखा केला, परत बसवल्या. अर्धा तास लागला.

"एवढंच होतं काका," तो म्हणाला. "काकूंना कशाला बोलता?"

पॅसेजच्या दिवशी जाताना त्यानं फळी टाकली. "काकू, मागच्या खोलीत अडकल्यासारखं वाटलं तर या फळीवरून बिनधास्त बाहेर या. वजन सगळीकडे विभागलं जातं, काही होत नाही."

"बघा, याला काळजी आहे," ती मला म्हणाली.

तो गेला आणि मी फळी उचलून अंगणात नेली. फळीखालचे खडे चकाकीला ओरखडे पाडतील, असं तेव्हा माझ्या मनाला सांगितलं. ते खोटं होतं. स्वयंपाकघराचा राग माझ्या डोक्यात होता. तिनं एक दिवस बसून राहावं, एवढंच मला हवं होतं. डबा, पाणी, फोन सगळं तिच्याजवळ होतं, त्या खोलीला न्हाणीघरही आहे. ती झोपली होती. तिला न सांगता मी दुकानात गेलो, भिंतीच्या कडेची पट्टी निवडायला.

तीन वाजता तिचा फोन आला.

"अहो, फळी कुठे गेली?"

"बाहेर ठेवली."

"मला जरा कसंतरी होतंय. येऊ का अशीच? कडेकडेनं येते."

"खिडकी उघड. आणि पाय टाकलास तर माझ्याशी गाठ आहे."

"बरं," ती म्हणाली.

फोन ठेवून मी दुकानातल्या माणसाला म्हणालो, "घरातल्या घरात चालायला परवानगी मागते आमची ही." तो पुन्हा हसला. तिनं पुन्हा फोन केला नाही.

मुलगी त्या रात्रीच पोचली. तिनं पॅसेजमध्ये फळी बघितली. आईच्या फोनमध्ये माझा नंबर बघितला.

"बाबा, काय म्हणाली आई?"

"जेवलात का, विचारत होती."

मुलगी खूप वेळ फळीकडे बघत राहिली. "एवढी फळी समोर असून ही बाई खोलीत बसून राहिली," ती म्हणाली. "सगळ्याला घाबरायची. शेवटी भित्रेपणानंच गेली." आणि आईवर रागावून रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

तीन आठवड्यांनी मिस्त्रीला बोलावलं. मुलगी स्वयंपाकघरात चहा करत होती. तो दबलेल्या फरशीपाशी उकिडवा बसला, सपाटी बघायची पट्टी आडवी धरली, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"चवड्यानं दबलीये," तो हळू आवाजात म्हणाला. "एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. पुढची फरशी जागची हललेली नाही."

"असेल."

"काका, मी फळी इथूनच टाकली होती. उंबऱ्याला चिकटून. हा कोपरा फळीखाली होता." त्यानं माझ्याकडे बघितलं. "फळी असती तर चवडा उमटला नसता."

स्वयंपाकघरात कप वाजले.

"तुम्ही काढलीत?"

"हळू बोल."

"ताईंना माहीत आहे?"

मी मान हलवली. नाही.

मुलगी चहा घेऊन आली. "दादा, तुम्ही फळी टाकलीत ते बरं केलंत हो," ती त्याला म्हणाली. "तुमचा काही दोष नाही. आमच्या आईलाच धीर नव्हता."

त्यानं कप हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. मी बोलेन म्हणून तो थांबला असावा. मी पट्टीकडे बघत राहिलो. मग त्यानं हत्यारं पिशवीत भरली.

"आज होणार नाही ताई. माल आणलेला नाही."

माल बादलीत तयार होता. फाटकापाशी तो मला म्हणाला, "अर्ध्या तासाचं काम आहे काका. तुम्ही ताईंना सांगा, मी त्याच दिवशी येतो. पैसे नकोत. तोवर माझा हात लागायचा नाही."

"मग मी दुसरा मिस्त्री बघतो."

"बघा."

बघितले. दोघांनीही एकच विचारलं, आधीचं काम कोणाचं? नाव सांगितल्यावर म्हणाले, त्यानं अर्ध्यावर सोडलं असेल तर काहीतरी असणार, आम्ही हात लावत नाही.

मुलगी दर रविवारी येते. आईचे कपडे आवरते. मागच्या खोलीत जाताना त्या फरशीवरून लांब पाऊल टाकते आणि दर वेळी तेच म्हणते, "फळी होती गं आई, समोर होती." मी हॉलमध्ये बसून ऐकतो. गेल्या रविवारी म्हणाली, आईचा फोटो लावू नका इतक्यात, मला तिचा अजून राग येतो. मी फोटो कपाटात ठेवला.

फरशी दबलेलीच आहे. मुलीला मी अजून सांगितलेलं नाही.