नोकुझोलाची शाल

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचे कपडे पेटीत बंद करून ठेवतात आणि वर्षानं नातलगांत वाटतात. माझी बायको नोकुझोला गेल्याला वर्ष झालं, तेव्हा माझी थोरली बहीण नोसाखेले वाटायला बसली. अंगणात बकरं शिजत होतं.

पेटी उघडली आणि नोकुझोलाचा वास आला. चुलीचा धूर आणि निळा साबण. मी दाराशीच थांबलो.

स्वेटर भाचीला गेला, डोक्याचे रुमाल शेजारणींना. तळाशी तिची तपकिरी शाल निघाली. याच शालीत नातीला पाठीशी बांधून ती चूल सांभाळायची, कोंबड्या हाकायची. नात म्हणजे लियेमा, माझ्या मुलीची, झिमासाची लेक. तिला जन्म दिला तो झिमासाच्या बायकोनं, लिंडेल्वानं. दोघी कामाला दूर ईस्ट लंडन शहरात, म्हणून पोर आमच्याकडे वाढली. नोकुझोला गेल्यावर त्या तिला घेऊन गेल्या. घरात मी एकटा उरलो. आज वाटपाला तिघी आल्या होत्या.

ती शाल मी ठेवून घेणार होतो. कुणाला सांगितलं नव्हतं.

"ही तुझ्या पुतण्याच्या बायकोला," नोसाखेले मला म्हणाली. "तिला दिवस गेलेत."

"आत्या, ती लियेमाची आहे," झिमासा म्हणाली.

"लियेमा आपल्या रक्ताची कुठं? शाल घराण्यातच राहू दे."

लिंडेल्वा उठली आणि पोरीची टोपी शोधू लागली. मला कळलं, आज ही अशी निघाली तर परत यायची नाही. पोरही यायची नाही.

मी शाल उचलली. "पोरीला माझ्या पाठीवर दे," मी लिंडेल्वाला म्हणालो.

"अरे वेलिले, म्हातारपणी आजी व्हायचंय का तुला?" नोसाखेले म्हणाली. बायका हसल्या.

"कुणीतरी व्हायला पाहिजे ना, ताई."

मी वाकलो. लिंडेल्वानं पोर पाठीवर ठेवली. गाठ मी बायकांसारखी छातीवर मारली, ती लगेच घसरली.

"बाबा, तुमच्याकडे ती अडकायला काही नाही," लिंडेल्वा हसू दाबत म्हणाली. तिनं शाल खांद्यावरून घेतली.

"अगं सूनबाई, खालून आवळ," नोसाखेले म्हणाली. "पोर सटकेल."

लियेमा जराशी कुरकुरली, मग गाल टेकून झोपली.

मंडळी जेवायला बसली. मला बसता येईना, उभ्यानंच जेवलो. नोकुझोलाचा वास सगळा पाठीमागे होता. मान वळवून पाहिली, पण तिथवर नाक पोचत नव्हतं.