मेषेच्या वाट्याला शांघाय

ठाकुर्लीच्या रत्नदीपने चीनवर डॉक्टरेट केली होती आणि चीन पाहिला नव्हता. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा चीन बंद होता. चीन उघडला तेव्हा शिष्यवृत्ती बंद झाली. आता तो ठाण्यात खेळणी मागवणाऱ्या व्यापाऱ्यांना ‘माल फुटका आला’ हे चिनीत कसं म्हणायचं ते शिकवायचा, आणि ‘खाडीकाठ’ नावाच्या फुकट साप्ताहिकात दर आठवड्याला चीनवर सदर लिहायचा. काय वाचलं, इंटरनेटवर कुठलं संग्रहालय पाहिलं, तैवानचं काय चाललंय, असं. संपादक महिपत ते शेवटच्या पानावर प्लंबरच्या जाहिरातीखाली छापायचा.

वाचक एकच होता. त्याचे वडील, बाबुराव.

बाबुराव डोंबिवलीतल्या रसायनाच्या कंपनीतून निवृत्त झाले, पण नाक कंपनीतच राहिलं. त्यांना कसलाच वास येत नसे. डोळे मात्र शाबूत होते. दर रविवारी विहारात वंदना झाली की ते चष्मा लावून उभे राहायचे आणि मुलाचं सदर मोठ्याने वाचायचे. लोक बसून ऐकायचे. ज्या देशाने धम्मग्रंथ जपले त्याच्याबद्दल ऐकावं असं त्यांना वाटे, आणि नंतर चहा असे. रत्नदीप मागे भिंतीला टेकून बसायचा. आठवडाभर तो ज्यासाठी लिहायचा, ते एवढंच होतं.

त्यांच्या घरात राशीभविष्याला थारा नव्हता. आजोबांनी दीक्षा घेतली त्या संध्याकाळी पंचांग चुलीत घातलं आणि आजीने त्याच जाळावर भाकरी भाजली, ही गोष्ट बाबुरावांनी इतक्यांदा सांगितली होती की ती भाकरी कधी गार झालीच नाही.

मग ‘खाडीकाठ’चे ज्योतिषी मुलीकडे कॅनडाला गेले आणि दुसरं पान रिकामं पडलं. महिपतने कुणाला विचारलं नाही. त्याने रत्नदीपच्या सदराचे बारा तुकडे केले आणि प्रत्येकाला एक रास लावली.

मेष: शांघायच्या संग्रहालयातलं कांस्यपात्र हजारो वर्षं रिकामं आहे.

वृश्चिक: तैवानच्या बाजूने तणाव कायम. कुणीही माघार घेणार नाही.

मीन: पुस्तक जाड आहे, पण शेवटी हाती काही लागत नाही.

शुक्रवारी अंक निघाला आणि आयुष्यात पहिल्यांदा रत्नदीपला वाचकाचा फोन आला. कल्याणहून रुचिता नावाच्या बाई बोलत होत्या.

“सर, आमचे हे वृश्चिक. तैवानची बाजू म्हणजे सासरची की माहेरची?”

“अहो, तैवान एक बेट आहे. लहानसं. शेजारी मोठा देश आहे, तो म्हणतो हे आमचंच.”

“म्हणजे मी,” बाई म्हणाल्या, आणि संध्याकाळी शीळफाट्याला आईकडे निघून गेल्या.

फोन येतच राहिले. त्या आठवड्यात रत्नदीपला झोप फार छान लागली. याची त्याला नंतर लाज वाटली.

रविवारी बाबुराव उभे राहिले. शेवटचं पान पाहिलं, प्लंबर होता, मुलगा नव्हता. उलटत उलटत ते दुसऱ्या पानावर, राशींपाशी आले. मागून शालनआत्या हळूच म्हणाली, “दादा, मीन वाच ना.”

बाबुराव खाली बसले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, “पुढच्या रविवारी मला विहारात वाचता येईल असं छापून आण. नाहीतर मी तुझं वाचणं सोडतो.”

रत्नदीप महिपतकडे गेला.

“सर, शेवटच्या पानावर तुम्हाला एक माणूस वाचत होता,” महिपत म्हणाला. “आता शीळफाट्यापर्यंत वाचतात.”

“तो एक माणूस माझा बाप आहे.”

“त्यांची रास कोणती?”

रत्नदीपने मग चीन बाजूला ठेवला. आजोबांची गोष्ट लिहिली. तारे कुणाचं काही ठरवत नाहीत, पंचांग चुलीत घालावं, असं सरळ लिहिलं. महिपतने एक अक्षरही बदलणार नाही असा शब्द दिला, आणि तो पाळला. फक्त तुकडे केले. सिंहेच्या वाट्याला आलं: पंचांग चुलीत घालावं.

ठाकुर्ली-डोंबिवलीत सिंह राशीचे लोक बरेच निघाले. चूल कुणाकडे नव्हती म्हणून त्यांनी गॅसवर भागवलं. एका गृहस्थाने आधी त्याच पंचांगात जाळायचा मुहूर्त पाहिला. एका बाईंनी फोन करून विचारलं, “मी कन्या आहे, पण मिस्टर सिंह आहेत. अर्धं जाळलं तर चालेल ना?”

बाबुराव गॅलरीत उभे होते. समोरच्या इमारतीच्या स्वयंपाकघरांतून धूर येत होता.

“काय जळतंय रे?”

“पंचांगं, बाबा.”

बाबुरावांचा चेहरा असा उजळला, की रत्नदीपने तो तसा कधी पाहिला नव्हता. “लोकांनी जाळली? आपणहून?”

खोटं बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. पण बापाशी तो कधी खोटं बोलला नव्हता.

“सिंह राशीच्या लोकांनी,” तो म्हणाला. “भविष्यात आलं होतं म्हणून.”

बाबुराव आत गेले आणि पंखा लावून पडून राहिले.

रत्नदीपने सदर बंद केलं. महिपतचं काही अडलं नाही. त्याने जुनी सदरं पुन्हा कापायला घेतली. रविवारी रत्नदीप हाताने लिहिलेले कागद घेऊन विहारात गेला आणि ते वडिलांपुढे धरले. न छापलेलं, न कापलेलं. बाबुरावांनी ते हातात घेतले आणि चष्मा लावला. चांगलं वाचलं. आवाजही छान लागला. वाचून संपलं तरी कुणी हललं नाही.

“झालं?” शालनआत्या म्हणाली. “आणि मीन?”

बाबुरावांनी कागद उलटून पाहिला. “मीनेला काही नाही.”

“मग धनू?” पुढून कुणीतरी विचारलं.

“काही नाही.”

“तूळ, काका?”

“तुळेलाही काही नाही.”

एकेक करून सगळ्यांनी आपापली रास विचारली. बाबुरावांनी त्याच वाचायच्या आवाजात प्रत्येकाला काही नाही असं सांगितलं, आणि प्रत्येकाने मान डोलावली, जणू मनात होतंच. चहाला कुणी थांबलं नाही.

बाबुरावांनी कागदांची घडी घालून मुलाच्या हातात दिली.

“हे भविष्य खरं निघेल बघ,” ते म्हणाले.